सोळा वर्षांच्या मुलीची पहिली अर्धवेळ नोकरी आणि कराडचा रविवारचा फोन

केनेटकाठी (४ नोव्हेंबर २०२५)

नमस्कार. आम्ही गेली सात वर्षे इंग्लंडमध्ये रीडिंग येथे राहतो. माझी मुलगी मे महिन्यात सोळा वर्षांची झाली, तिने जीसीएसईची (इथल्या दहावीसारखी) परीक्षा दिली आणि सप्टेंबरपासून ती सिक्स्थ फॉर्मला (इथल्या अकरावी-बारावीला) जाते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिला कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात अर्धवेळ नोकरी मिळाली. शनिवारी दुपारी एक ते साडेपाच आणि रविवारी दहा ते चार असा तिचा करार आहे. रविवारचा अर्धा तास बिनपगारी सुटीचा असल्यामुळे पगाराचे दहा तास भरतात. दर कायद्याने २०२५ साठी तिच्या वयाला ठरवून दिलेला किमान, म्हणजे तासाला ७.५५ पौंड. नोकरी तिने स्वतः शोधली, मुलाखतीला एकटी गेली, आणि पहिल्या पगाराच्या दिवशी तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. तेव्हा माझी तक्रार नोकरीबद्दल नाही, हे आधीच स्पष्ट करते.

अडचण अशी की आमचे सारे कौटुंबिक आयुष्य शनिवार-रविवारी घडते, आणि दुकानाला ती नेमकी त्याच दोन दिवशी हवी असते. इथे दिवाळीची सुटी नसल्यामुळे सण पुढच्या शनिवारी साजरे होतात. भाऊबीज गुरुवारी, २३ तारखेला होती, पण स्लाउच्या माझ्या भावाकडे सगळे जमले २५ तारखेला. तिच्या आतेभावाने आणि मामेभावाने ओवाळून घेण्यासाठी संध्याकाळी सातपर्यंत वाट पाहिली. ती आली तेव्हा धाकटा झोपून गेला होता.

रविवारचा फोन हा त्याहून नाजूक विषय आहे. माझे सासरे कराडला असतात. दर रविवारी इथल्या साडेदहाला आम्ही फोन लावतो, कारण ती त्यांची दुपारच्या चहाची वेळ असते. आता त्या वेळी मुलगी दुकानात असते. ती सुटते चार वाजता. २६ ऑक्टोबरला इथली घड्याळे एक तास मागे गेल्यापासून आपल्यात आणि भारतात साडेपाच तासांचे अंतर आहे, म्हणजे तोवर तिकडे साडेनऊ वाजतात आणि सासरे नऊलाच झोपतात. सकाळी निघण्यापूर्वी लावावा तर त्यांची वामकुक्षी आड येते. गेले चार रविवार त्यांनी एकच प्रश्न विचारला आहे: "पोरगी अजून दुकानातच का?"

आता डिसेंबर. २४ डिसेंबरला कराडला सासऱ्यांचे सहस्रचंद्रदर्शन आहे. १९ डिसेंबर ते ४ जानेवारी अशी तिकिटे आम्ही जुलैमध्येच काढली होती. दुकानात मात्र त्या काळात कोणालाही रजा मिळत नाही असे तिला सांगण्यात आले, आणि तिने घरी येऊन शांतपणे सांगितले, "तुम्ही जा, मी मैत्रिणीकडे राहते." माझे यजमान म्हणतात की राजीनामा देऊन टाक, दहा तासांच्या नोकरीचे काय एवढे. मला दोन्ही गोष्टी पटत नाहीत. ज्यांची मुले या टप्प्यातून गेली आहेत त्यांनी कृपया सांगावे.

---

सोअरकाठचा लेस्टरकर

ताई, भावनेचा भाग इतर जण माझ्यापेक्षा चांगला सांगतील. मी आधी हिशेब मांडतो, कारण पुष्कळदा भांडण हिशेब न मांडल्यामुळे होते. माझी दोन्ही मुले अशाच दुकानांत काम करत होती आणि आम्ही प्रत्येक नियम ठेच लागल्यावर शिकलो.

इथल्या प्रत्येक नोकरदाराला वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, आणि अर्धवेळ काम करणाऱ्याला ती त्याच्या तासांच्या प्रमाणात मिळते. आठवड्याला दहा तास म्हणजे वर्षाला ५६ तास. पहिल्या वर्षी मालक ही रजा दरमहा एक बारांश अशी जमा करू शकतो. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असे तीन महिने धरले तर प्रवासाच्या वेळी तिच्या खात्यावर १४ तास असतील. तुमच्या प्रवासात तीन शनिवार-रविवार येतात, म्हणजे तिला ३० तास हवे आहेत. दुकानाने सगळी रजा दिली नाही तर तो आडमुठेपणाच आहे असे समजू नका.

रजेचा अर्ज रजेच्या दुप्पट मुदतीआधी द्यावा लागतो, असा सर्वसाधारण नियम आहे. तीन आठवड्यांसाठी सहा आठवडे आधी. आज चार नोव्हेंबर आहे, म्हणजे वेळ आहे, पण फार नाही. "रजा मिळत नाही असे सांगण्यात आले" हे तुमचे वाक्य मला खटकले. कोणी सांगितले? माझ्या मुलालाही असेच सांगण्यात आले होते, आणि सांगणारा त्याच्यासारखाच सतरा वर्षांचा, तीन महिने आधी लागलेला मुलगा निघाला. व्यवस्थापकाकडे तारखांसह लेखी अर्ज गेला आहे का, हे आधी पाहा. तो अर्ज तिनेच करावा. आईवडिलांनी दुकानात फोन करणे हा मुलाचा तिथला मान घालवण्याचा खात्रीचा उपाय आहे. मी तो एकदा करून पाहिला आहे.

राजीनामा द्यायचाच झाला तर महिनाभर नोकरी झालेल्याला कायद्याने एका आठवड्याची सूचना पुरते, करारात जास्त लिहिली नसेल तर. म्हणजे हा निर्णय डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लांबवता येतो, आजच घेण्याची गरज नाही.

जाता जाता आणखी एक. अठराच्या आतील मुलांना साडेचार तासांपेक्षा जास्त काम असेल तर अर्ध्या तासाची सुटी द्यावीच लागते. तुमच्या मुलीची शनिवारची पाळी बरोबर साडेचार तासांची आहे, ती एक मिनिटही जास्त का नाही याचे उत्तर त्यात आहे. मला तो रोटा, म्हणजे पाळ्यांचे वेळापत्रक, लिहिणाऱ्याचे कौतुक वाटले. शनिवारी निघण्यापूर्वी तिला पोटभर जेवून जायला सांगा.

---

एक बाप, मिल्टन कीन्स

मी थोडे वेगळे मत मांडतो आणि ते कोणाला जुनाट वाटले तरी हरकत नाही. ए-लेव्हलची, म्हणजे सिक्स्थ फॉर्मची, दोन वर्षे फार लहान असतात. पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यातील परीक्षांवर शाळा अपेक्षित श्रेणी ठरवते आणि त्यावर विद्यापीठांचे अर्ज जातात. ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा वैद्यकीय शाखा हवी असेल तर अर्जाची मुदत १५ ऑक्टोबरलाच संपते. म्हणजे आपल्या हाती खरे वर्ष एकच.

दहा तास चालतील. आमच्या घरी प्रश्न दहा तासांचा राहिलाच नाही. करार आठ तासांचा होता, पण रात्री दहा वाजता दुकानाच्या व्हॉट्सॲप गटावर "उद्या कोणी येऊ शकेल का" असा निरोप यायचा आणि मुलगा पहिला हात वर करायचा, कारण नाही म्हणणारा मागे पडतो अशी त्याची समजूत झाली होती. मार्चपर्यंत तो आठवड्याला अठरा-वीस तास काम करत होता आणि गणपतीच्या लेझीम पथकातून, मराठी शाळेत धाकट्यांना शिकवण्यातून, शेवटी आमच्या जेवणाच्या टेबलावरूनही एकेक करून नाहीसा झाला. कायद्याने अठराच्या आतील मुलाला आठवड्याला ४० तासांपर्यंत काम देता येते, त्यामुळे दुकानाचे काहीच चुकले नव्हते. चुकलो आम्ही, कारण पैसे मिळवतो आहे याचे आम्हाला कौतुक होते.

तेव्हा ताई, मला भाऊबीज चुकल्याची काळजी कमी वाटते आणि तिने "तुम्ही जा" असे शांतपणे म्हटल्याची जास्त वाटते. सहस्रचंद्रदर्शन माणसाच्या आयुष्यात एकदा येते. कपड्यांची दुकाने पुष्कळ आहेत. मी तुमच्या यजमानांच्या बाजूचा आहे.

---

यवतेश्वर

मी साताऱ्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे आणि माझी दोन नातवंडे परदेशात आहेत, म्हणजे या प्रश्नात मी फोनच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथून काय दिसते ते सांगते.

आमच्या जिल्ह्यात शिकताना काम करणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, स्वावलंबी शिक्षण हे तिचे ब्रीद ठरवले, आणि १९४७ साली साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात "कमवा आणि शिका" ही योजना होती. माझे यजमान त्या योजनेत शिकले. सकाळी शेतात काम, मग तास, रात्री अभ्यास. गावाकडे ते चार-चार महिने जात नसत आणि घरची माणसे त्याबद्दल रुसत नसत, कारण पोस्टकार्ड येई आणि त्यात कामाचा तपशील असे. आज किती वाफे खुरपले, कोणाची बैलजोडी आजारी आहे, मुकादम काय बोलला, असे सगळे. माझ्या सासूबाई ती कार्डे शेजारणींना वाचून दाखवायला लावत.

मला माझ्या नातवाच्या रविवारच्या फोनवर काय मिळते? "कशी आहेस आजी, मी बरा आहे, जेवलीस का." त्याची आई मागून ढकलते, "बोल ना आजीशी," तेही मला ऐकू येते. प्रेम आहे, मी ते नाकारत नाही, पण वीस मिनिटांच्या त्या फोनमध्ये बोलतो माझा मुलगा आणि सून, नातू फक्त दिसतो. तुमचे सासरे "पोरगी अजून दुकानातच का" असे विचारतात, त्यात तुम्हाला रागच ऐकू येतो आहे. मला त्यात कुतूहलही ऐकू आले. दुकानात ती नेमके काय करते, हे त्यांना कोणी सांगितले आहे का?

मिल्टन कीन्सच्या भाऊंना एवढेच सांगते की नात नोकरी सोडून आली, हे माझ्या सोहळ्यात मला कोणी कौतुकाने सांगितले असते तर मला मुळीच आवडले नसते.

---

पोरसवदा

मी वीस वर्षांचा आहे, बाराव्या वर्षी नाशिकहून इथे आलो आणि सध्या मँचेस्टरला शिकतो. सोळा ते अठरा या वयात मी रविवारी एका सुपरमार्केटात काम केले. लिहिताना शुद्धलेखन आईकडून तपासून घेतले आहे.

पहिली गोष्ट रविवारविषयी. इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्यानुसार मोठी दुकाने रविवारी दहा ते सहा या वेळातले फक्त सहा तास उघडी राहू शकतात. रविवारची गर्दी त्या सहा तासांत कोंबलेली असते. माझ्या अनुभवात ती पाळी कोणीही सहसा बदलून देत नाही आणि नवीन माणसाला हमखास तीच मिळते. तेव्हा रविवारचा फोन पूर्वीच्या वेळेला परत आणण्याचा प्रयत्न करू नका.

दुसरी गोष्ट मोठ्यांपैकी कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. सिक्स्थ फॉर्ममध्ये बहुतेक जण तीनच विषय घेतात, त्यामुळे वेळापत्रकात मोकळे तास असतात. माझा गुरुवारी अकराचा तास मोकळा होता. इथले अकरा म्हणजे हिवाळ्यात भारतात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन, म्हणजे बाराही महिने चहाचीच वेळ. मी कॉलेजच्या मागच्या बाकावर बसून नाशिकच्या आजोबांना फोन करायचो. आई-बाबा त्या फोनवर नसायचे. सुरुवातीला तीन मिनिटांत विषय संपायचे. मग मी त्यांना सांगितले की माझ्याकडून मद्याची बाटली विकायची झाली तर अठराच्या आत असल्यामुळे दर वेळी वरिष्ठाला बोलावून परवानगी घ्यावी लागते आणि गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघते. आजोबा इतके हसले की आजी धावत आली. ही गोष्ट मी आईसमोर सांगितली नसती, आणि ती समोर असती तर ते तितके हसलेही नसते.

"तुम्ही जा, मी राहते" हे वाक्य मीही म्हटले होते. त्या वेळी माझ्या मनात कुटुंब नको असे काही नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या ठिकाणी माझ्यावाचून अडत होते, त्याचे अप्रूप होते. वाईट याचे वाटले की आई-बाबांनी तिकिटाच्या तारखा मला न विचारता ठरवल्या होत्या. जुलैमध्ये तिला नोकरी नव्हती हे खरे. पण आता ती आहे, तर निदान परतीच्या तारखेबद्दल तिला विचारून पाहा.

---

केनेटकाठी

सर्वांचे आभार. यवतेश्वर काकू, "बोल ना आजीशी" हे वाक्य वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले, कारण आमच्या घरात ते दर रविवारी मीच म्हणते.

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर: नाही, कोणी सांगितले नव्हते. आणि यातली गंमत अशी की सासऱ्यांचे कराडच्या बाजारपेठेत चाळीस वर्षे कापडाचे दुकान होते. ते दुकान पंधरा वर्षांपूर्वी बंद झाले आणि माझ्या मुलीने ते पाहिलेलेच नाही. ती दिवसभर काय करते असे मी तिला विचारले तेव्हा कळले की ट्रायल रूममधून परत आलेले कपडे पुन्हा घडी घालून लावण्यातच तिचा निम्मा वेळ जातो. आजोबा कापडवाले होते हे तिला ठाऊक होते, पण त्याचा आपल्या कामाशी काही संबंध असेल असे तिच्या मनात आले नव्हते. माझ्याही आले नव्हते, मग तिला काय बोलणार?

लेस्टरकर दादा, अर्ज लेखी गेलेला नव्हताच. "रजा मिळत नाही" हे तिला तिच्याबरोबर लागलेल्या मुलीने सांगितले होते. तुमचा अंदाज बरोबर निघाला, त्यामुळे आमच्या घरात तुमच्याबद्दल थोडा वचक निर्माण झाला आहे.

---

केनेटकाठी (२३ नोव्हेंबर)

पुढे काय झाले ते विचारणारे काही निरोप आले, म्हणून लिहिते.

तिने अर्ज केला. व्यवस्थापकाने २० आणि २१ डिसेंबरची रजा दिली, म्हणजे जमा झालेल्या चौदा तासांपैकी दहा वापरले गेले. २५ तारखेला इथे मोठी दुकाने कायद्यानेच बंद असतात. पण २७ तारखेला, सेल सुरू असताना, ती हजर हवी असे त्याने सांगितले. यावर घरात दोन दिवस बोलणे झाले, त्यातला एक दिवस आवाज चढवून. अखेर असे ठरले की १९ तारखेला सगळे जायचे, २४ तारखेचा सोहळा करायचा, आणि २६ ला पहाटे मुंबईहून यजमान आणि ती परत यायची. मी ४ जानेवारीपर्यंत कराडला राहीन. यजमान मनापासून खूश नाहीत. ऐंशी ओलांडलेल्या वडिलांजवळ त्यांना दोन आठवडे हवे होते आणि मिळाले सहा दिवस, तेही मुलीच्या सेलपायी. हे त्यांनी तिला बोलून दाखवले आणि मला ते गैर वाटले नाही. तिलाही कळायला हवे की तिच्या रोट्याची किंमत दुसरे कोणीतरी देत आहे.

तिकिटांच्या तारखा बदलण्याचे पैसे तिने स्वतःहून देऊ केले. यजमान घ्यायला तयार नव्हते, मी तिच्या तिकिटापुरते घेतले. तीन आठवड्यांचा पगार गेला. त्यानंतर व्हॉट्सॲप गटावरचे जादा पाळीचे निरोप ती जरा विचार करून स्वीकारते आहे, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर स्वतःच्या पाळ्या हिरव्या पेनने लिहिते आहे. मिल्टन कीन्सच्या भाऊंचा वीस तासांचा अनुभव मी तिला वाचायला दिला होता. तिने काही म्हटले नाही, पण वाचला.

तिचा मोकळा तास बुधवारी अकराचा आहे. गेले दोन बुधवार ती आजोबांना स्वतः फोन करते आहे. पहिल्या बुधवारी मी कामावर होते आणि सारखी फोनकडे बघत होते. दुपारी न राहवून मी कराडला फोन लावला. सासूबाईंनी सांगितले की सत्तावीस मिनिटे बोलणे चालले होते, आणि मधेच सासऱ्यांनी कपाटातून आपले जुने धोतर काढून मांडीवर घेतले, त्याची घडी घातली, मोडली आणि फोन समोर धरून पुन्हा घातली.

मी सासऱ्यांना विचारले, "काय बोललात एवढे?"

ते म्हणाले, "धंद्यातलं होतं. तुला नाही कळायचं."